कामगाराची कार्यशक्ती : शरीर आणि शाळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला गणित शिकवीत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पण त्यांचा एक उद्योग गणिताच्या तासाबाहेरचा होता. दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली की आठवड्याभरात ते शेजारच्या लाकडाच्या वखारीतून वजनकाटा मागवून घेत, वर्गाच्या चौकटीवर खडूने इंच आखीत आणि आम्हां प्रत्येकाची उंची व वजन एका वहीत उतरवून घेत. वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असे. त्यात 'डबा आणत नाही', 'खोकला', 'गतवर्षीइतकेच' असे दोन-तीन शब्द. आम्हांला हा सगळा प्रकार म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा छंद वाटत असे.

पुढे मी बालानगरच्या एका छोट्या यंत्रशाळेत देखरेखीच्या कामावर लागलो. एकदा सुटीत गुरुजींना भेटायला गेलो असता बोलता बोलता मी तक्रार केली, की एकाच बाकावर एकच काम करणारी दोन मुले आहेत, पण त्यांपैकी एक दिवसाकाठी दुसऱ्याच्या दोनतृतीयांशच नग काढतो. मुलगा अंगचोर आहे. गुरुजींनी विचारले, "त्याचे वजन किती आहे रे?" मी हसलो. त्या मुलाच्या नावापुढे माझ्या हातचा 'कामात मंद' हा शेरा तोवर तीनदा पडलेला होता, आणि तो कामावरून कमी होईपर्यंत तो तसाच राहिला. गुरुजींचा प्रश्न गमतीचा नव्हता हे मला बऱ्याच वर्षांनी, एक शोधनिबंध वाचताना उमगले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे आणि वैद्यही नव्हे. कारखान्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने जिज्ञासेपोटी जे वाचले, ते तो आपल्यापुढे मांडीत आहे, एवढे ध्यानात घेऊन माझे म्हणणे ऐकावे.

आपला हा भाग कामगारांनी वसविलेला आहे. सनतनगरचा ऑल्विन कारखाना निजामी अमदानीतला, १९४२ सालचा. साठच्या दशकात बालानगरला सोव्हिएत साहाय्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्सचा औषधांचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि कुकटपल्लीला इंडियन डिटोनेटर्सचा. त्या कारखान्याच्या आद्याक्षरांवरून येथील तळ्याला लोक अजूनही आयडीएल चेरुवू म्हणतात. नांदेड, लातूर, बिदर, गुलबर्गा या बाजूंनी आलेली आपली किती तरी कुटुंबे या कारखान्यांच्या भोंग्यावर जगली. हाउसिंग बोर्डाची वसाहत त्यानंतरची, आणि आज दिसणारे शिकवणीवर्ग, वसतिगृहे व मेट्रोचे खांब तर अगदी अलीकडचे.

याच हैदराबादेत तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठासमोर, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला मॅकॅरिसन या डॉक्टरांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एका खोलीत सुरू केलेले हे काम १९५८ साली हैदराबादेत आले. तेथील डॉ. के. सत्यनारायण आणि त्यांचे सहकारी यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रश्न घेतला : कामगाराच्या शरीराचे माप आणि त्याच्या हातून होणारे काम यांचा काही संबंध आहे काय? त्यासाठी त्यांनी हैदराबादच्या परिसरात डिटोनेटरचे फ्यूज तयार करणारे ५७ कामगार निवडले. डिटोनेटर म्हटले की कुकटपल्लीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोणता कारखाना येतो हे मी सांगायला नको. सुमारे तीन महिने प्रत्येक कामगाराने दररोज किती फ्यूज केले याची मोजदाद झाली. त्यांची उंची, वजन आणि चरबी वगळून उरणारे वजन ही मापे घेण्यात आली. १९७७ साली अमेरिकेतील पोषणशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन, विशेषतः चरबीविरहित वजन अधिक, त्यांचे दिवसाचे कामही अधिक. उंचीचा प्रभाव गणिताने बाजूला काढला तरी वजनाचा संबंध उरतच होता.

या निष्कर्षातील लक्षणीय भाग कोणता? पोती वाहणारा हमाल धिप्पाड असेल तर जास्त पोती वाहील, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा! पण फ्यूज करणे हे हमालीचे काम नव्हे. ते हातांच्या चपळाईचे, लक्ष देऊन करावयाचे, मध्यम श्रमाचे काम आहे. अशा कामातही किरकोळ अंगाचा माणूस मागे पडतो, हे त्या सत्तावन्न माणसांनी दाखवून दिले. ही माणसे आजारी नव्हती. रोज हजेरी लावणारी, चारचौघांसारखी दिसणारी होती.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण देखरेखीच्या जागेवर बसलेल्या माझ्यासारख्या लोकांना ते कोणी कधी सांगत नाही. कोणतेही काम करताना स्नायूंना प्राणवायू लागतो. एखादा माणूस कमाल कष्टाच्या वेळी मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो, हे त्याच्या स्नायूंच्या वस्तुमानावर, हृदयावर आणि रक्तातील हिमोग्लोबिनवर ठरते. ही त्याची कमाल मर्यादा. आठ तासांच्या पाळीत मात्र माणूस या मर्यादेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंतच सातत्याने काम करू शकतो. त्यापुढे गेला की थकवा साचत जातो. आता केवळ उदाहरणादाखल असे समजा, की एका कामाला मिनिटाला पाऊण लिटर प्राणवायू लागतो. ज्याची कमाल मर्यादा अडीच लिटरची आहे त्याला ते तीस टक्क्यांचे काम झाले. तो गप्पा मारीत करील. ज्याची मर्यादा दीड लिटरची आहे त्याला तेच काम पन्नास टक्क्यांचे झाले. तो काय करील? तो मधून मधून थांबेल. पाणी प्यायला जाईल, हत्यार शोधील, उगाच बाक पुशील. त्याचे शरीर त्याला वाचवीत असते आणि मुकादम वहीत 'कामचुकार' लिहीत असतो. मी लिहीत होतो.

येथे एखादा सहृदय मालक म्हणेल, की मग प्रश्न सोपा आहे. कारखान्यात स्वस्त दरात पोटभर जेवण द्यावे म्हणजे काम वाढेल. जेवण अवश्य द्यावे. त्याला माझा विरोध नाही. पण उत्तर इतके सोपे नाही, हे समजण्यासाठी आपल्याला कुकटपल्लीच्या याच हमरस्त्याने पश्चिमेकडे जावे लागेल.

हा रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ आणि आताचा ६५, पटनचेरूवरून झहीराबादमार्गे सोलापूरला जातो. सोलापूरच्या मागांवर तेलंगणातील विणकर याच दिशेने गेले आणि मराठवाड्यातील माणसे उलट दिशेने इकडे आली. पटनचेरूला कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, इक्रिसॅट, आहे. तिने १९७५ पासून काही गावांची वर्षानुवर्षे, घरटी पाहणी केली. त्यांत महबूबनगरची औरेपल्ली व डोकूर होती, सोलापूरची शिरापूर व कळमण होती आणि अकोल्याची कान्झरा व किनखेड होती. कोणाच्या घरी काय शिजले, कोणाला किती मजुरी मिळाली, कोणाचे वजन किती भरले, हे सगळे तेथे टिपले गेले. गुरुजींच्या वहीचेच हे मोठे रूप म्हणा ना!

या माहितीच्या आधारे अनिल देवळालीकर यांनी १९८८ साली एक निबंध लिहिला. त्यात असे आढळले, की माणसाने त्या काळात किती उष्मांकांचे अन्न खाल्ले यावर त्याची मजुरी किंवा शेतातील उत्पन्न फारसे हलत नाही. पण त्याच्या उंचीच्या मानाने त्याचे वजन किती आहे यावर दोन्ही चांगलीच हलतात. म्हणजे आज दुपारी पोटात काय गेले यापेक्षा गेल्या अनेक महिन्यांत, अनेक वर्षांत शरीराने काय साठविले, हे कामाला अधिक जाणवते. उंची तर त्याहून मागची गोष्ट. ती बहुतांशी आईच्या पोटात आणि आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरून जाते. कारखान्याच्या फाटकातून पहिल्यांदा आत येणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराच्या कार्यशक्तीचा बराचसा हिशेब पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच मिटविला गेलेला असतो. मालकाच्या उपाहारगृहातील भात तेथवर मागे पोहोचत नाही.

या मुद्द्यावर आपल्या महाराष्ट्रात एक मोठा वाद होऊन गेला. प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास करताना माणशी दररोज २,२५० उष्मांक हे माप धरले. ते माप ज्याला परवडत नाही तो गरीब. डॉ. पां. वा. सुखात्मे यांना हे मान्य नव्हते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक व आठवड्यागणिक बदलते, शरीर आपला खर्च कमी-जास्त करून जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित ठरविणे हे संख्याशास्त्राला धरून नाही. १९८२ साली त्यांनी संपादित केलेल्या व पुण्याहून निघालेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक पाऊल पुढे टाकले आणि भारतातील ठेंगणी, बारकी परंतु रोगाची लक्षणे नसलेली माणसे ही 'लहान पण निरोगी' होत, असे मत मांडले. हैदराबादच्या पोषण संस्थेची धुरा ज्यांनी दीर्घकाळ वाहिली त्या डॉ. सी. गोपालन यांनी या मताचा कडाडून विरोध केला. खुंटलेले शरीर हा तडजोडीचा पुरावा आहे, आरोग्याचा नव्हे, ही त्यांची भूमिका.

या वादात मी कोणाच्या बाजूचा, असे आपण विचाराल. 'लहान पण निरोगी' हे वचन मला पटत नाही. शरीर जुळवून घेते हे खरे; पण ते कशाच्या मोबदल्यात? फ्यूज करणाऱ्या सत्तावन्न कामगारांत जे बारके होते तेही जुळवून घेतच होते, आणि त्या जुळवून घेण्याची किंमत दर दिवशी कमी भरणाऱ्या नगांच्या रूपाने मोजली जात होती. तथापि सुखात्मे यांना एका बाबतीत उशिरा का होईना न्याय मिळाला पाहिजे. अन्नाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, स्वच्छ पाणी व शौचव्यवस्था यांकडे पाहा, असे ते आग्रहाने सांगत. पोटात गेलेले अन्न जुलाबावाटे आणि जंतांवाटे वाया जात असेल तर ताटातले उष्मांक मोजून काय उपयोग? मुलांची वाढ का खुंटते याचा शोध घेताना नंतरच्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा सांडपाण्याकडे आणि उघड्यावरील शौचाकडे बोट दाखविले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. धान्याची कोठारे भरलेली असतानाचा हा आकडा आहे.

वजनाइतकेच रक्ताचे. रक्तक्षय झालेला माणूस बाहेरून धडधाकट दिसू शकतो, पण त्याचे रक्त प्राणवायू कमी वाहते. १९७९ साली इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे चीक गोळा करणाऱ्यांचे काम वजनावर मोजले जाते, त्यामुळे लपवाछपवीला वाव नाही. रक्तक्षयी कामगारांचे काम इतरांच्या मानाने सुमारे एकपंचमांशाने कमी होते. साठ दिवस लोहाच्या गोळ्या दिल्यावर ते जवळजवळ इतरांच्या बरोबरीला आले. या प्रयोगात एक मजेदार गोष्ट घडली. ज्यांना नुसत्याच दिखाऊ गोळ्या दिल्या होत्या त्यांचेही काम काहीसे सुधारले, कारण प्रयोगात सहभागी झाल्याबद्दल मिळालेल्या थोड्या पैशातून त्यांनी बरे अन्न घेतले होते. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही अडचण झाली खरी, पण मला तरी तो त्या प्रयोगातील सर्वांत बोलका निष्कर्ष वाटतो.

आपल्या देशात त्याच पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. औषधांच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, इमारतीवर घमेली वाहणाऱ्या या स्त्रियाच होत. घमेल्याचे वजन बाईमाणसासाठी कमी होत नसते.

मात्र मजुरीचा हिशेब नेहमी शरीराच्या हिशेबाबरोबर चालतो असे नाही. इंडोनेशियातच २००२ च्या सुमारास झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात लोह मिळालेल्या रक्तक्षयी पुरुषांपैकी जे स्वतःचा धंदा करीत होते त्यांची तासाची कमाई चांगली वाढली. जे ठरावीक पगारावर होते त्यांची वाढली नाही. सुधारलेल्या शरीराचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे.

हिवतापाचा उल्लेख हैदराबादेत टाळता येणार नाही. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. बेगमपेटची ती इमारत येथून फार दूर नाही. स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकात देशभर डी.डी.टी.ची फवारणी झाली. त्या काळात जन्मलेल्या बालकांचे पुढे काय झाले याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या भागांत हिवताप अधिक होता आणि नाहीसा झाला, तेथील पुरुषांच्या मोठेपणीच्या राहणीमानात थोडी वाढ दिसली. परंतु पुरुषांचे शिक्षण वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे तब्येत सुधारली की मूल आपोआप शाळेत जाते आणि शिकते, असा सरळ जिना नाही. शाळा स्वतंत्रपणे बांधावी लागते. उलट एक निरीक्षण तर मला छळत आले आहे : गावाकडे ज्या पोराचे अंग लवकर भरते त्यालाच शाळेतून आधी काढतात. राष्ट्रीय पोषण संस्थेनेच हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांत पाहिले, की वजनदार किशोरांना शेतमजुरी अधिक मिळते. आईबापांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक असते.

आता शाळेकडे वळतो. शिक्षणाने कामगाराची उत्पादकता वाढते, असे भाषणात म्हणण्याची पद्धत आहे. मी कारखान्यात जे पाहिले ते काहीसे निराळे होते. आमच्याकडे एकाच मापाचे बुश दहा वर्षे लेथवर निघत होते. त्या कामावर मॅट्रिक झालेला आणि अंगठा उठविणारा यांत मला तीळमात्र फरक दिसला नाही. अनुभवी निरक्षर माणूस काकणभर सरसच. पण नव्वदच्या दशकात कामे बदलू लागली. दर महिन्याला नवे ड्रॉइंग, नवा धातू, शतांश मिलिमीटरची मर्यादा आणि पुढे संगणकावर चालणारी यंत्रे. तेव्हा सहा महिन्यांत चित्र पालटले. ज्याला ड्रॉइंग वाचता येत होते, अपूर्णांक आणि दशांश यांची भीती नव्हती, चुकलेल्या जॉबचे कारण दोन ओळींत लिहिता येत होते, तो पुढे निघून गेला. उत्कृष्ट हात असलेली दोन-तीन माणसे मागे राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

माझ्या या चार भिंतींतल्या अनुभवाला मोठ्या प्रमाणावर पुष्टी मिळाली ती शेतीच्या अभ्यासात. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी १९९६ साली भारतातील हरितक्रांतीच्या काळातील हजारो ग्रामीण कुटुंबांची माहिती तपासली. जेथे नवी बियाणी आली व उत्पन्न झपाट्याने वाढू लागले, तेथे प्राथमिक शिक्षण झालेल्या शेतकऱ्याला त्याचा ठळक फायदा झाला. जेथे जुनीच शेती चालू राहिली तेथे शिक्षणाने फारसा फरक पडला नाही. शिक्षणाचा मोबदला हा बदलाचा मोबदला आहे. नवे काय, जुने काय, कोणते धरावे, कोणते सोडावे, हे ओळखण्याची शक्ती शाळा देते. आणि ओळखण्यासारखे काही समोर आलेच नाही तर ती शक्ती पडून राहते.

बालानगरच्या औषध कारखान्याचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९९२ साली तो सार्वजनिक उपक्रम आजारी उद्योग म्हणून जाहीर झाला. ताळेबंद पाहणाऱ्याला तेथे तोटा दिसेल. पण त्या कारखान्यात रसायनक्रिया पाहायला, नोंदी ठेवायला, शुद्धता तपासायला शिकलेली माणसे बाहेर पडली आणि त्यांनी हैदराबादेत औषधांचे दुसरे कारखाने उभारले व चालविले. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज १९८४ साली स्थापन करणारे अंजी रेड्डी हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. पण त्यांच्यामागे नाव नसलेले किती तरी तंत्रज्ञ होते. आपल्या शाळेचेही काही होते आणि आज या सभागृहात आहेत. कामगाराच्या डोक्यातील विद्या कोणत्याही ताळेबंदात लिहिली जात नाही, त्यामुळे कारखाना बुडाला तरी ती बुडत नाही.

अर्थात, शाळेत जाणे आणि शिकणे या दोन गोष्टी आहेत. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००५ पासून चाललेल्या पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही, असे वर्षामागून वर्षे आढळले आहे. यांत शिक्षकांचा, पाठ्यक्रमाचा, व्यवस्थेचा दोष आहे, याविषयी मला शंका नाही. पण बाकावर बसलेल्या त्या देहाकडेही पाहावे लागते.

येथे शरीर आणि शाळा एकत्र येतात. हे दाखविणारा एक प्रयोग आपल्या शेजारच्याच रंगारेड्डी जिल्ह्यातला आहे. १९८७ ते १९९० या काळात पोषण संस्थेने काही खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुले यांना रोज शिजवलेला पूरक आहार दिला. मका व सोयाबीन यांच्या मिश्रणाचा उपमा. शेजारच्या खेड्यांत अंगणवाडीचा हा कार्यक्रम अजून पोहोचला नव्हता, त्यामुळे तुलना करता आली. पंधरा वर्षांनी संशोधक परत गेले. उपमा मिळालेल्या गावांतील मुले सरासरीने सुमारे १४ मिलिमीटर उंच निघाली. दीड सेंटिमीटर देखील नव्हे! पण त्याही पुढे जाऊन जेव्हा त्यांच्या शिक्षणाची चौकशी झाली तेव्हा ती मुले शाळेत अधिक टिकली होती, वरच्या इयत्तांपर्यंत गेली होती, आणि विशीत पोहोचल्यावर माध्यमिक शिक्षण व पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. काम किंवा शिक्षण यांपैकी कशात तरी गुंतलेल्यांचेही अधिक होते. शाळेच्या इमारतीत, मास्तरांत, पुस्तकांत या दोन प्रकारच्या गावांत कोणी जाणूनबुजून फरक केला नव्हता. फरक होता तो उपम्याचा, आणि तो शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच पोटात गेलेला होता.

माध्यान्ह भोजनाला 'खिचडीची योजना' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. देशभर शाळांत शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. लहानपणी या योजनेचे अन्न खाल्लेल्या मुली पुढे आई झाल्या तेव्हा त्यांची मुले कमी खुजी निघाली, असा निष्कर्ष २०२१ साली एका अभ्यासाने काढला आहे. एका ताटाचा हिशेब दोन पिढ्या चालतो. मालकाच्या उपाहारगृहाला जे साधत नाही ते शाळेच्या स्वयंपाकघराला का साधते, याचे उत्तर वयात आहे.

आता एक धोका सांगतो, कारण या सगळ्या संशोधनाचा उलटा उपयोगही करता येतो. वजनदार कामगार अधिक काम करतो असे कळल्यावर व्यवस्थापक म्हणेल, की मग भरतीच्या वेळी काटा ठेवू! याला शास्त्राची गरज नाही. हे आपल्या डोळ्यांदेखत चालते. हाउसिंग बोर्डाकडे सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहा. महबूबनगरची, श्रीकाकुळमची, ओरिसाची, आपल्या नांदेडकडची माणसे तेथे थांबलेली असतात. ठेकेदाराची नजर दंडावर आणि खांद्यावर फिरते. धट्टेकट्टे आधी उचलले जातात. नऊ-साडेनऊपर्यंत बारकी, वयस्क माणसे तेवढी उरतात, आणि काम न मिळाल्यामुळे त्या दिवशी ती आणखी कमी खातात. या चक्राला कामगाराच्या बाजूने तोडायला त्याच्या हाती काही नसते. ते तोडायची जागा अंगणवाडीत, नळावर, बाळंतिणीच्या ताटात आणि पहिलीच्या वर्गात आहे. आणि या सर्व जागांवर खर्च करणाऱ्याला त्याचे फळ पंधरा वर्षे दिसत नाही. पाच वर्षांचा विचार करणाऱ्या सरकारांना आणि तीन महिन्यांचा विचार करणाऱ्या कंपन्यांना हा व्यवहार का परवडत नाही, हे यावरून कळावे.

उत्पादकता हा शब्दही मी आज पुष्कळदा वापरला, आणि वापरताना प्रत्येक वेळी थोडा अडखळलो. मुलाला दूध द्यावे कारण तो पुढे जास्त फ्यूज करील, हा युक्तिवाद मला स्वतःला लाजिरवाणा वाटतो. मूल उपाशी आहे एवढे कारण पुरेसे असावयास हवे. परंतु ज्या दालनांत अंदाजपत्रके ठरतात तेथे भूक हा शब्द ऐकू जात नाही आणि उत्पादकता हा शब्द ऐकू जातो, म्हणून त्या भाषेतही हिशेब तयार असलेला बरा.

गुरुजींच्या वजनाच्या वह्या अजून आहेत. त्यांच्या घरच्यांनी त्या शाळेला दिल्या आणि सध्या त्या ग्रंथालयातील काचेच्या कपाटात ठेवलेल्या आहेत. दोन वह्यांना वाळवी लागली आहे, बाकीच्या वाचता येतात. या व्याख्यानाची तयारी करताना मी माझे पान शोधून काढले. आठवीतले वजन एकोणतीस किलो, उंची चार फूट आठ इंच, शेरा : 'डबा नाही. बाजूच्या मुलाबरोबर बसवले.' मी आठवीत बाजूच्या मुलाच्या डब्यातले खाल्ले होते हे मला आठवत होते. ती बसण्याची जागा कोणी ठरविली होती, हे ठाऊक नव्हते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना आपले पान पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी मुख्याध्यापिका बाईंनी कार्यक्रमानंतर ग्रंथालय तासभर उघडे ठेवण्याचे मान्य केले आहे.